सातव्या झाडाची लोकर

मंगळवारी सकाळी मी आबांना पाचव्या झाडाखाली गाठलं. जीप बरीच अलीकडे उभी केली, कारण इंजिनाच्या आवाजानं मेंढरं बुजतात आणि मग आबा ते दिवसभर ऐकवतात.

त्यांच्या वाटेवर अकरा झाडं होती. आमच्या घरात त्या झाडांना नावं नव्हती, आकडे होते. पहिलं म्हणजे गावाबाहेरची शमी, पाचवं बाभूळ, सातवं हिवर, अकरावं नदीच्या कोरड्या पात्रातली म्हातारी बाभूळ. माणदेशात वर्षाचा पाऊस चार-पाच इंचांवर आला त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सरकारी नकाशात आमचा भाग वाळवंटाच्या रंगानं रंगवला होता. गवत संपलं, पिकं संपली, बहुतेक माणसं उठून गेली. उरली ती खोल मुळांची काटेरी झाडं आणि त्यांच्या शेंगांवर मेंढरं जगवणारी पन्नासेक धनगर माणसं. उन्हाळ्यात एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायचं, शेंगा पाडायच्या, दुपार काढायची आणि पुढे सरकायचं. आबा, म्हणजे माझे वडील धुळा गोरड, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही तेच करत होते.

मी पोचले तेव्हा ते शेंगा पाडत होते. त्यांची पद्धत ठरलेली. हातातल्या आकडीच्या बुडख्यानं खोडावर दोनदा ठोकायचं आणि थांबायचं. साप, गांधीलमाशी, काय असेल ते बाजूला होऊ द्यायचं. मग आकडी फांदीला अडकवून तीन हिसके. पिकलेल्या शेंगा खाली येतात, कच्च्या झाडावर राहतात. फांदी तोडायची नाही. लाल समुद्राकाठच्या वाळवंटातले उंटपाळही बाभळी अशाच हलवून घेतात, तोडत नाहीत, असं मी पुढे कुठेतरी वाचलं आणि आबांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "शाणी माणसं असत्याल."

कपांत चहा ओतून झाला. आबांनी खोडावरच्या खिळ्याकडे हनुवटी केली.

"तुजा कान आयकतुय का आपलं?"

"माणसांचं ऐकत नाही तो. झाडाचं ऐकतो."

"मग बरंय. तुज्या आयविषयी बोलाय हरकत न्हाय."

ते हसले आणि खोकले. खोकला मला आवडला नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांचं हृदय दाखवलं होतं पडद्यावर, थकलेल्या भात्यासारखं हलणारं.

"आबा, या उन्हाळ्यात तरी घरी चला. खोली रिकामी आहे. आई पण येईल."

"पेपरातल्यागत बोलू नगंस. किती झाडं हायत आपली?"

"अकरा."

"अकरा हायत तवर जायाचं. एक जरी गेलं मंजी वाट तुटली. मग काय करतुय? यीन तुज्या खोलीत. बसंन टकाटका बगत."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा पुंजका काढला आणि खालच्या फांदीला बांधला. आमच्याकडची ही खूण आहे. ज्यानं शेंगा पाडल्या त्यानं लोकर बांधायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की झाड दमलंय. ज्यानं बांधली त्यानंच पुढे कधीतरी येऊन सोडायची. तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

गाठ मारली आणि ते म्हणाले, "चल, ऊठ." माझा कप अर्धा भरलेला होता. आम्ही उन्हात उभं राहून उरलेला चहा प्यालो. त्यांना निघायची घाई असेल, असं मला वाटलं.

"दिपे," ते म्हणाले, "त्या काळ्या मेंढीचा खूर सुजलाय. सिदाला म्हनावं, औशिद घिऊन ये आठव्या झाडापशी."

मी 'सांगते' म्हणाले आणि जीपकडे गेले. मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं कारण नव्हतं.

*

खिळ्याबद्दल सांगायला हवं.

झाड पाणी ओढतं ते केसापेक्षा बारीक नळ्यांतून. पानांतून वाफ होते आणि खालचा पाण्याचा धागा वर खेचला जातो. जमीन कोरडी पडली की हा धागा ताणला जातो, फारच ताणला तर तुटतो. तुटताना नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि टिक् असा आवाज होतो. तो इतका उंच पट्टीतला असतो की माणसाला किंवा कुत्र्यालाही ऐकू येत नाही. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आमच्या प्रकल्पात आम्ही केलं ते इतकंच, की तो आवाज ऐकणारा खिळ्याएवढा माइक बनवला. दिवसाच्या उष्णतेवर आणि रात्रीच्या गारव्यावर तो चालतो, त्याला बॅटरी लागत नाही. तासाला साठ टिकटिकींच्या वर गेलं की झाड संकटात आहे, त्याला हात लावू नये. साठच्या आत असेल तर शेंगा घ्यायला हरकत नाही. प्रकल्पाच्या यादीत झाडापुढे 'बंद' किंवा 'खुलं' एवढंच येई. मेंढक्यांनी आमच्या यंत्राला पहिल्याच आठवड्यात 'कान' हे नाव देऊन टाकलं.

पण माळावर भर उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि पंचेचाळीसच्या वर फोनच बंद पडतो. मग खूण कशी करायची? बैठकीत लाल पट्ट्या, दिवे, झेंडे असं पुष्कळ काही निघालं. मी म्हटलं, काळी लोकर बांधू. लोकांची स्वतःची खूण आहे, शिकवावी लागणार नाही. सगळ्यांना ते फार आवडलं. त्यावर मी निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळालं. माझा धाकटा भाऊ सिदा झाडराख म्हणून लागला. रोज सकाळी यादी पाहायची आणि बंद झाडाला लोकर बांधायची, हे त्याचं काम. मागाहून यादीत झाड खुलं झालं की तोच जाऊन सोडून यायचा.

माहितीपुस्तिकेत, पान चौदावर, मी एक ओळ लिहिली होती: बंद झाडाच्या सावलीत विश्रांती घेण्यास हरकत नाही.

*

मंगळवारी दुपारी मी कार्यालयात पोचले. डोक्यात आबांचं एकच वाक्य होतं. एक गेलं मंजी वाट तुटली.

सहावं आणि आठवं झाड यांच्यामध्ये एकोणीस किलोमीटर उघडा माळ, आणि अधेमधे काही नाही, फक्त सातवं. मी सातव्याची नोंद उघडली. तासाला बावीस टिकटिकी. त्या उन्हाळ्यातलं माझ्या यादीतलं सगळ्यात निरोगी झाड.

यंत्राचा अंदाज चुकू शकतो, म्हणून आम्ही 'तज्ज्ञ निर्णय' असं एक बटण ठेवलं होतं. ते दाबायचा अधिकार माझ्याकडे होता. कारण लिहावं लागत नसे.

मी हिशोब असा केला. आबा गुरुवारी सकाळी सहाव्यावरून निघतील. त्याआधी बुधवारी माळावरून कुणीतरी येईल आणि सातवं बंद आहे म्हणून सांगेल. मग ते सहाव्यावरूनच माघारी फिरतील. चार दिवसांत गावात. आठवड्यात माझ्या खोलीत, चिडलेले, टकाटका बघत. पण पंख्याखाली.

मी बटण दाबलं. बुधवारी सकाळी सिदानं यादी पाहिली आणि सातव्याला लोकर बांधली. बुधवारी माळावरून कुणीच आलं नाही.

*

आठव्या झाडाखाली आमच्या भावकीतले म्हाळूकाका उतरले होते. गुरुवारी संध्याकाळी आबांचं कुत्रं एकटंच त्यांच्याजवळ आलं. काका त्याच्या मागे चार किलोमीटर चालत गेले. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून गोल उभी होती. फार ऊन झालं की ती तशीच उभी राहतात. त्या गोलात आबा होते. मेंढरांनी त्यांना जेवढी देता येईल तेवढी सावली दिली होती.

त्या दिवशी अठ्ठेचाळीस अंश होतं. कागदावर उष्माघात लिहिलं गेलं. कुणी काही विचारलं नाही.

बातमी आली तेव्हा मी कार्यालयातच होते. उठण्याआधी मी सातव्याची नोंद उघडली आणि 'बंद' काढून 'खुलं' केलं. का केलं? तो शब्द डोळ्यांपुढे नको होता, एवढंच मला तेव्हा कळत होतं. लपवायचं असं मनात नव्हतं. पण झालं ते लपवणंच.

कारण तिसऱ्या दिवशी, माणसं उठून गेल्यावर, सिदा फोन घेऊन आईसमोर आला.

"आय, यादीत सातवं खुलं हाय. बुधवारी म्या बंद वाचलं. उन्हात दिसलंच न्हाय नीट. म्या चुकीची लोकर बांधली, आय."

आईनं विचारलं,

"लोकर हुती म्हनून बसला न्हाय त्यो?"

"लोकर असल्यावर कसा बसंल?"

मी मध्येच म्हटलं, "सावलीत बसायला तर चालतं. पुस्तिकेत आहे, पान चौदावर."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी परकं माणूस घरात चपला घालून आलंय.

"लोकरीच्या झाडाखाली बसत्यात व्हय?" आई म्हणाली. "सावलीत बसलं की मेंढरं खोडाला घासत्यात, मुताची आग मुळांस्नी लागती, मानसाचा हात वर जातुय. दमल्यालं झाड हाय ते. त्याच्या सावलीतनं चालत बी न्हाईत. तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची होते तेव्हा मी आश्रमशाळेत गेले. खुणेचा अर्धा भाग बरोबर नेला आणि अर्धा माळावर राहिला. त्या अर्ध्यावर मी निबंध लिहिला. पाचव्या झाडाखालून आबांनी मला उन्हात का उठवलं, ते मला त्या क्षणी कळलं.

आणि मागचंही कळलं. सातव्यावरून ते सहाव्यावर परत का गेले नाहीत? सहाव्याच्या शेंगा त्यांनी त्याच सकाळी पाडल्या होत्या आणि लोकर बांधली होती. मागे स्वतःची लोकर, समोर माझी. मधल्या माळावर त्यांनी पुढचं, आठवं निवडलं.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. सिदा समोर उभा होता. मी आत जाऊन पाणी प्याले.

*

मग वर्षभर मला कुठे बसवत नव्हतं. कार्यालयात खुर्चीवरून उठायचे, जिना उतरायचे, पुन्हा चढायचे. घरी त्या रिकाम्या खोलीतली खाट तीनदा जागा बदलून ठेवली. दर पंधरा दिवसांनी गावी जायचे आणि दोन तासांत परत फिरायचे, कारण तिथे जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. आई सिदाच्या हातचं पाणी घेत नव्हती. भांडण नाही, शिवी नाही. तो तांब्या ठेवायचा, ती उठून दुसरा भरून घ्यायची. सिदानं झाडराखीची नोकरी सोडली. मेंढरं म्हाळूकाकांच्या कळपात घातली. तो झाडाकडे मान वर करून बघेना.

"आक्का," एकदा त्यानं विचारलं, "डोळं तपासू का गं मी? खुल्याचं बंद दिसतंय का काय मला?"

"तुझे डोळे चांगले आहेत."

"मग कसं झालं?"

जीपची किल्ली माझ्या हातात होती. मी म्हणाले, "उशीर होतोय मला."

एका दुपारी मी सातव्याच्या कानाचे जुने आवाज काढले. कान झाडाचंच ऐकतो, हे मी आबांना सांगितलं होतं ते पूर्ण खरं नव्हतं. खोडाला जे हादरे बसतात ते सगळे तो पकडतो. वारा, सरडा, घासणारी शेळी. आम्ही ते गाळून टाकायचो. त्या रकान्याला मी नाव दिलं होतं 'कचरा'. पण यंत्र कचराही साठवतं.

त्या गुरुवारी, बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी, दोन ठोके. ठक् ठक्. मग शांतता. नेहमी त्या शांततेनंतर आकडीचा हिसका येतो. मागच्या चार वर्षांचे मी सगळे काढून पाहिले: दोन ठोके, थांबणं, तीन हिसके. या वेळी हिसके नव्हते. जमिनीतून येणारी मेंढरांच्या पायांची थरथर होती, साडेतीन मिनिटं. मग ती लांब गेली.

लोकर दिसत असताना त्यांनी का ठोकलं असेल? झाडात काही असेल तर बाजूला हो म्हणायचं, एवढाच त्या ठोक्याचा अर्थ मला माहीत होता. आता तो पुरत नव्हता. मी ते ठोके पुन्हा पुन्हा लावले. खालच्या ओळीत झाडाची टिकटिक चालू होती. तासाला बावीस. झाडात पाणी होतं, पानं होती, सावली होती. एका माणसाला आणि एकशे दहा मेंढरांना पुरेल एवढी.

*

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच म्हाळूकाका दारात येऊन बसले. चहा घेतला नाही.

"वैनी, आठ दिवसांनी आमी निघनार. सातव्याला अजून लोकर हाय."

"यादीत खुलं आहे ना काका," मी म्हणाले.

"यादीचं ऱ्हाऊ दे बाय. फांदीला हाय न्हवं? वर्स झालं, कुनी थांबत न्हाय तितं. सहाव्यापासनं आठव्यापतूर सरळ चालावं लागतंय. औंदा ऊन मागल्यापरीस ज्यादा हाय. सिदानं बांदली, सिदानं सोडावी. न्हायतर आनि कुनाला तरी उचलून आनावं लागंल."

आई म्हणाली, "आइकलंस?" सिदाकडे न बघता. वर्षभरात तिनं त्याला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द असेल.

"माज्यानं न्हाय व्हायचं," सिदा म्हणाला.

"बांदताना झालं."

तो उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

सकाळी सातला आम्ही माळावर होतो. आई पुढे बसली होती, आबांची आकडी गुडघ्यांवर आडवी धरून. सिदा मागे. खिडकीतून येणारा वारा एवढ्यातच तापला होता. नऊ किलोमीटर मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. कुठल्या शब्दानं सुरुवात करायची? चूक? निर्णय? माझ्याकडे शब्द पुष्कळ होते, वाचलेले, लिहिलेले. त्यातला एकही आईला कळणारा नव्हता.

हिवर लांबूनच दिसलं. शेंगांनी फांद्या वाकल्या होत्या, वर्षभर कुणी घेतल्या नव्हत्या. खालच्या फांदीला लोकर होती. उन्हानं तिचा काळा रंग विटून तपकिरी झाला होता. झाडाखालची माती स्वच्छ होती. एक खूर, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. सावलीची कड जमिनीवर पडली होती, आणि आई आणि सिदा दोघंही त्या कडेच्या अलीकडे थांबले. मेंढरांसारखे, सांगावं न लागता.

"सोड," आई म्हणाली.

सिदा उभाच राहिला. सदतीस वर्षांचा माणूस, शाळेत मार खाताना उभा राहायचा तसा.

"हात लागत न्हाय आय. म्या बांदली आनि आबा..."

"तू न्हाई सोडलीस तर सोडनार कोन? दुसऱ्याची लोकर दुसऱ्याला सोडता येती व्हय?"

मी आईच्या हातातून आकडी घेतली. तिला वाटलं मी सिदाला देणार. मी सावलीत गेले.

"दिपे! लोकर हाय तितं!"

खोडाशी गेले. बुडख्यानं दोनदा ठोकलं. ठक् ठक्. थांबले. कानानं ते टिपलं असेल, कचऱ्याच्या रकान्यात. मग हात वर केला. गाठ वर्षभरात आवळून दगड झाली होती, नखांनी उकलेना. सिदा ओरडला, "आक्का, तुजी न्हाय ती, नगं!" मी दातांनी ओढली. तोंडात धूळ आली आणि मेंढरांचा वास आला, आणि गाठ सुटली.

लोकर मुठीत घेऊन मी वळले. दोघं उन्हात, मी सावलीत.

"माजीच हाय," मी म्हणाले. "सिदाचं डोळं बरं हायत, आय. त्यानं बंद वाचलं ते बंदच हुतं. ते म्या केल्तं. आनि आबा गेल्यावर म्याच खुलं केलं, आनि वर्सभर त्याला तसाच ठिवला. झाडाला काय बी झालं न्हवतं. आबानं घरी यावं म्हनून म्या बांदली."